पिल्लू बाहेर बांधायचं

"ठेवतेस का नेऊ परत?" असं म्हणत ठकूकाकीने पदराखालून पिल्लू काढलं आणि आमच्या ओट्यावर ठेवलं.

अडीच-तीन महिन्यांचं असेल. रंगाने तांबूस, पोट टम्म, पुढचा एक पाय पांढरा. ओट्यावर टेकल्याबरोबर ते आधी मुतलं आणि मग निवांतपणे इकडेतिकडे बघू लागलं. माझी मुक्ता तेव्हा चार वर्षांची होती. ती दाराआडून आली आणि त्या ओल्यातच फतकल मारून बसली.

"काकी, हे घरी नाहीत," मी म्हणाले.

"त्यो न्हाय म्हणूनच आणलं. असता तर पायरीवरनंच माघारी लावलं असतं मला. हितं रात्र कोण काढतंय, तू का त्यो?"

काकीचं बरोबर होतं. आमचे हे, म्हणजे सोपान, दुधाच्या टँकरवर होते. एक दिवसाआड दुपारी जायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी उगवायचे. मधली रात्र मी आणि मुक्ता. घर मळ्यात, दोन खोल्यांचं, वर पत्रा. तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला पाण्याची चारी. चारीपलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, ठकूकाकीची वस्ती. ही सोपानची लांबची चुलती. घरात दोन मुलगे, दोन सुना आणि पाच नातवंडं. मनाने वाईट नव्हती. माझ्या बाळंतपणात तिनेच मला चाळीस दिवस न्हाऊ घातलं होतं.

"पाचपर्यंत सांग," ती म्हणाली. "न्हायतर वरच्या वस्तीवाले मागतायत."

पिल्लू तिथेच सोडून ती निघून गेली.

याला आता बावीस वर्षं झाली. जुन्नरकडे तेव्हा बिबट्याची नवलाई उरली नव्हती. बाजारात बायका भाजीच्या भावाबरोबर त्याचीही खबर घ्यायच्या. मी मात्र ठाण्याच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. वाघबिघ राणीच्या बागेत असतात आणि त्यांच्या माझ्यामध्ये गज असतात, एवढीच माझी समजूत. लग्न होऊन इथे आले आणि पाच वर्षांत भित्रेपणात मी मोठीच प्रगती केली. मोरी घरापासून वीस पावलांवर होती, म्हणून मी चार वाजल्यानंतर पाणी पिणं सोडलं होतं. बाहेर जाताना आवाज करत जावं असं सगळे सांगायचे, म्हणून मी मोठ्याने आरत्या म्हणत जायची. माझा आवाज असा की तो ऐकून कुठलंही जनावर लांब गेलं असतं, असं सोपान म्हणायचे. मला त्याचं हसू येत नसे.

आणि चार दिवसांपूर्वी धुण्याच्या दगडापाशी, ओल्या मातीत, पंजा उमटलेला सापडला होता. सोपाननी पटकन पायाने तो पुसला, पण मी आधीच बघितला होता. माझ्या पसरलेल्या तळव्याएवढा होता. त्याच दगडावर मी रोज वाकून कपडे धूत होते, आणि मुक्ता शेजारी चिखलाच्या भाकऱ्या थापत होती.

"आपण कुत्रं आणू," मी त्याच दिवशी जेवताना म्हणाले होते.

"नको."

"निदान भुंकेल तरी. आधी कळेल तरी."

"वैजू, कुत्रं म्हणजे त्याला आवतण. वनखात्याचे लोक कागद वाटून गेले ना परवा? त्यात काय लिहिलंय? पोरं एकटी सोडू नका, बाहेर वाकून बसू नका, कुत्री दारात बांधू नका."

"मग काकींकडे कसं असतं कायम?"

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "माझ्या दारात नको," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला उठले.

तर आता ते पिल्लू दारात होतं आणि ते घरी नव्हते. मला ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. मला कुत्र्याची आवड होती अशातला भाग नाही. मला रात्री झोप हवी होती. पत्र्यावर चिंच पडली तरी मी ताडकन उठून बसायची आणि मुक्ताच्या छातीवर हात ठेवून सकाळपर्यंत तशीच राहायची. बाहेर एक जीव आपल्यासाठी जागा आहे, एवढं कळलं असतं तरी मी झोपले असते. पण नवऱ्याचा शब्द मोडायचा तर निदान एकदा विचारून घ्यावं, म्हणून तीन वाजता मुक्ताचा हात धरला, पिल्लू काखेत घेतलं आणि आरती म्हणत चारी ओलांडली.

काकी अंगणात घेवडा निवडत होती. पाचही नातवंडं तिथेच खेळत होती. कोपऱ्यात गोठ्याच्या मेढीला दुसरं एक पिल्लू साखळीने बांधलं होतं, पण त्यांची आई दिसत नव्हती.

"याची आई कुठंय?" मी विचारलं.

"गेली सोमवारी."

"मेली?"

"नेली," काकी म्हणाली आणि शेंगेची शीर ओढून काढली.

मी घाबरून आधी मुलांकडे बघितलं. सगळी होती. मुक्ताने पिल्लू खाली सोडलं होतं आणि ती मुलं त्याच्याभोवती जमली होती.

"म्हणजे कुत्रं असूनही तो येतो?"

"येतोय की."

"मग हे म्हणतात तेच खरं. कुत्र्यामुळेच येतो."

"त्यो कशामुळं येतो ते त्यालाच ठावं. भुकेला येतो. तुझ्या दारात कुत्रं कवा होतं? तरी आला ना धुण्यापाशी?" काकीने हातातली शेंग खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "हे बघ पोरी. आलेला त्यो रिकामा जात न्हाय. आज गेला तर उद्या येतो, उद्या गेला तर परवा. त्याला दारात काय तरी घावाया पाहिजे. घावलं की घेऊन जातो बाहेरच्या बाहेर, आन् मग आठ-पंधरा रोज फिरकत न्हाय. माझ्या दारातनं सहा गेली आजवर. पोरं मोज. पाचच्या पाच हायेत."

मला आधी समजलंच नाही. म्हणजे शब्द समजले, पण त्यांचा अर्थ डोक्यात शिरायला वेळ लागला. मी खुळ्यासारखं विचारलं, "मग हे राखणीला नाही?"

"हीच राखण. दुसरी कसली असती?"

मी खाली बसले. काकी पुन्हा शेंगा निवडायला लागली आणि मला घर कसं लावायचं ते सांगावं तसं एकेक सांगत गेली. घरापासून दहा पावलांवर बांधायचं, जवळ नको. आत कधी घ्यायचं नाही, आत घेतलं की तो वास काढत दाराशी येतो. खायला घालायचं, पण हाताने भरवायचं नाही. साखळीच्या आकड्यावरून तारेचे वेढे द्यायचे.

"तार कशाला?"

"पोरं आकडा काढत्यात. माझ्या मोठ्या नातीनं काढला हुता एकदा, आन् घेऊन आली घरात. त्या रातीला त्यो दार खाजवत हुता उजाडेस्तोवर." तिने सूप झटकलं. "आन् नाव ठेवू नकोस. आमी न्हाय ठेवत."

अंगणातून मुक्ताचा आवाज आला. "बाळू, ए बाळू, इकडे ये."

काकीने तिकडे बघितलं आणि सूप भिंतीला टेकवलं.

आता जे सांगायचं ते सरळ सांगते. मी तिथून उठून पिल्लू परत देऊ शकले असते. मला सगळं कळलेलं होतं, कुणी फसवलं नव्हतं. मी त्या मुलांच्या घोळक्यात बघितलं, पिल्लू मुक्ताची वेणी तोंडात धरून ओढत होतं आणि ती हसून हसून लोळत होती. मला त्या पंजाची आठवण झाली. मी म्हणाले, "काकी, तेवढी तार तुम्हीच गुंडाळून द्या. मला पक्कड धरता येत नाही."

काकी सोबत आली. आमच्या घरापासून दहा पावलांवर शेळ्यांचा जुना मांडव होता, शेळ्या कधीच विकलेल्या. त्याच्या मेढीला तिने साखळी घातली, पिल्लाच्या गळ्यात पट्टा बांधला आणि आकड्यावर पकडीने तारेचे तीन वेढे आवळले. मग उजेड आहे तोवर पोचते म्हणून लगबगीने गेली.

मी मुक्ताला आत आणलं, भाकरीचं पीठ घेतलं. दाराला खालची कडी घातली. वरची कडी अंधार पडला की लावायची माझी पद्धत, आणि अंधार अजून पडला नव्हता. उसाच्या शेंड्यांवर ऊन होतं.

"आई, बाळू रडतोय."

"नवीन आहे ना. रडेल आणि झोपेल."

"त्याला आत आणू."

"नाही."

"का?"

"मुक्ता, मला काम करू दे."

ते पिल्लू रडत होतं खरं. एका सुरात, दम न घेता. मी तव्यावर भाकरी टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली. दुसरी थापायला घेतली. ती थापून होईपर्यंत माझ्या लक्षात आलं की रडणं थांबलंय. बरं झालं, झोपलं, असं मी मोठ्याने म्हणाले. कुणी उत्तर दिलं नाही.

खालची कडी निघालेली होती.

मी दारात आले. मांडवात मुक्ता पिल्लाला मांडीवर घेऊन बसली होती, माझ्याकडे पाठ करून, डोकं त्याच्या डोक्यावर टेकवून. दोघांची मिळून उंची एका घागरीएवढी. तिला हाक मारायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात मला पिल्लू दिसलं. ते झोपलेलं नव्हतं. तिच्या कुशीतून ते उसाकडे बघत होतं, आणि त्याचं अंग इतकं थरथरत होतं की मला दारातून साखळी हलताना दिसत होती.

मी उसाकडे बघितलं. वारा नव्हता. उसाच्या बुडाशी, पाचटाच्या वर एक वीतभर, तोंड होतं. नुसतं तोंड. ते माझ्याकडे बघत नव्हतंच. ते त्या दोघांकडे बघत होतं, आणि मला वाटलं, याला काय कळणार यातलं कुठलं त्याच्यासाठी बांधलंय.

मला ओरडता आलं नाही. इतके दिवस आरत्या म्हणून घसा फोडलेला, पण त्या क्षणी आवाज म्हणून निघेना. पाय मात्र चालले. वाकायचं नाही, वाकायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. दहा पावलं मी ताठ चालत गेले आणि मुक्ताच्या आणि उसाच्या मधे उभी राहिले. पाठ त्याच्याकडे झाली. ते असं असेल याची कल्पना मला कधीच नव्हती. पाठीला काही दिसत नाही, तरी सगळी पाठ जागी होते.

"मुक्ता, ऊठ."

"त्याला भीती वाटतेय."

"ऊठ, घरात चल."

"बाळूला पण."

मी तिला काखेत धरून उचललं. तिने पिल्लाला दोन्ही हातांनी मिठी घातली होती, त्यामुळे ते पण वर आलं आणि साखळी ताणली. मी एका हाताने आकडा चाचपला. तार घट्ट होती. टोक शोधून नखाने उचकटायला गेले तर नख मुळापासून तुटलं. एक वेढासुद्धा सैल झाला नाही. मागे पाचट वाजलं, एकदा, अगदी हळू.

मग मी तिची बोटं सोडवली. एकेक करून सोडवली. ती माझ्या मनगटाला चावली, तरी सोडवत राहिले. पिल्लू खाली पडलं आणि साखळीच्या टोकापर्यंत आमच्यामागे आलं. मी मुक्ताला छातीशी आवळून उसाकडे तोंड केलं, उलट्या पावलांनी मागे सरकत घरात आले, आणि दाराच्या दोन्ही कड्या लावल्या.

"आई, बाळू राहिला."

मी दाराला पाठ लावून उभी होते.

"आई, तो राहिला ना. आई, बाळू बाहेर राहिला." ती माझ्या पायांना ढकलत होती, दारावर थापा मारत होती. बाहेर पिल्लाने पुन्हा सूर धरला होता, पण या वेळचा वेगळा होता. मी कोनाड्यातला रेडिओ लावला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू होता, कुणीतरी कांद्यावरच्या करप्याबद्दल बोलत होतं. त्यातूनही एकदा साखळी खणखणली. मग नाही खणखणली.

आणि मला बरं वाटलं. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. तव्यावरची भाकरी जळून धूर झाला होता, मुक्ता जमिनीवर लोळून आकांत करत होती, आणि माझ्या अंगात गरम पाण्यासारखं काहीतरी पसरत गेलं. झालं. आता तो आठ दिवस येणार नाही. त्या रात्री कित्येक दिवसांनी मी गाढ झोपले.

सकाळी सोपान आले तेव्हा मी मांडवात सडा टाकून मोकळी झाले होते. साखळी मात्र तशीच होती, टोकाला तुटलेला पट्टा. ती त्यांनी बघितली. मला वाटलं आता चिडतील. ते आत आले, पक्कड घेऊन गेले, तारेचे वेढे उलगडले आणि साखळी चारीत फेकून दिली. मग पायरीवर बसले.

"ठकूकाकीनं बांधलं?"

"हो."

"माझी आईपण तारच बांधायची," ते म्हणाले. "अकरा गेली आमच्या दारातनं. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून बांधायला मलाच पाठवायची. माझ्यामागे यायची ना ती पिल्लं, पटकन."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? मी बसलोय ना तुझ्यासमोर, धडधाकट. कुणामुळं बसलोय?"

मी त्यांना चहा दिला.

मुक्ता दिवसभर बोलली नाही. रडलीही नाही. मी केस विंचरायला बोलावलं तर आली, गप बसली. ताटात वाढलं ते सगळं खाल्लं, नेहमी टाकते ती कारल्याची भाजीसुद्धा. मला वाटलं, लहान आहे, विसरली.

चार वाजता ठकूकाकी आली. पदराखाली दुसरं पिल्लू होतं, तिच्या मेढीला बांधलेलं.

"कामी आलं," ती मला हळूच म्हणाली. "कळलं मला. तुझं पैलंच हाय, लागतं मनाला. पुढच्याला न्हाय लागायचं. हे ठेव, माझ्याकडं दुसरं एक येतंय." तिने ते ओट्यावर सोडलं. सोपान आत झोपले होते. हो म्हणायचं की नाही हे सर्वस्वी माझ्या हातात होतं, आणि खरं सांगते, माझ्या तोंडात 'नाही' आलेलं नव्हतं. मी आठ दिवसांचा हिशोब करत होते.

मुक्ता दारात येऊन उभी राहिली. पिल्लू तिच्या पायाशी गेलं, तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती. सकाळी घातलेला फ्रॉक तिने खालपर्यंत ओढून नीट केला.

"आई," ती म्हणाली, "मी सगळं खाल्लं ना. मी रडलेपण नाही. मला बाहेर बांधू नकोस."

ठकूकाकीने वाकून पिल्लू उचललं आणि पुन्हा पदराखाली घेतलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मान खाली घालून ती चारीच्या दिशेने निघून गेली.

मी मुक्ताला जवळ घ्यायला दोन्ही हात पुढे केले, तेव्हा ती दोन पावलं मागे सरली.